स्कीइंग-शिक्षण, बालकांचे

पायांना लांब, अरुंद व पुढील टोकाशी वर वळलेल्या पट्ट्या (स्की) बांधून बर्फावरून चालण्याची आणि उतारावरून घसरत जाण्याची कला लहान मुलांना शिकविण्याची पद्धती. ती साधारणपणे तीन ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी असून तीत खेळांना मध्यवर्ती स्थान असते. आधी पाठ द्यावयाचा आणि मग मुलांना रमविण्यासाठी एखादा खेळ घ्यावयाचा, असा तिचा क्रम नाही. तीत खेळ हाच पाठ असतो. शिवाशिवी खेळता खेळता मूल वळावयास शिकते, बोगद्याखालून जाताना गुडघे वाकविण्यास शिकते आणि ‘पुतळा’ होताना थांबण्यास शिकते. ही पद्धती आधुनिक मानली जात असली, तरी इतिहासदृष्ट्या ती स्कीइंगच्या मूळ परंपरेकडे परत जाणारी आहे. स्कीइंगची कला प्रथम मुलांच्या खेळातूनच पुढच्या पिढीकडे गेली. मधल्या काळात ती लष्करी कवायतीच्या व प्रौढांच्या वर्गाच्या साच्यात बसविली गेली आणि विसाव्या शतकात मूल हाच विद्यार्थी झाल्यावर खेळाला शिक्षणात पुन्हा स्थान मिळाले.

प्रारंभ : स्कीचा उपयोग अतिप्राचीन आहे. नॉर्वेच्या उत्तर भागातील रोडोय येथील खडकावर स्की चढविलेली मानवाकृती कोरलेली असून ती चार ते पाच हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. स्वीडनमधील होटिंग येथे दलदलीत सापडलेली स्कीही सु. साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. ‘स्की’ हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतील असून ‘फाडलेले लाकूड’ असा त्याचा मूळ अर्थ होतो. शिकार, सरपण आणणे, शेजारच्या वस्तीवर जाणे अशा कामांसाठी हिवाळ्यात स्की अपरिहार्य असे. स्वीडिश धर्मगुरू ओलाउस माग्नुस (१४९०–१५५७) याने १५५५ मध्ये रोम येथे प्रसिद्ध केलेल्या उत्तरेकडील लोकांविषयीच्या ग्रंथात स्कीवरून शिकार करणाऱ्या स्त्री-पुरुषांची चित्रे आहेत. बर्फाचे किल्ले रचून लुटुपुटीच्या लढाया खेळणाऱ्या मुलांचे वर्णनही त्याच ग्रंथात आढळते.

अशा समाजात स्कीइंगचा वेगळा शिक्षक नव्हता. मूल चालू लागले, की काही काळाने जुन्या लाकडाच्या तुकड्यांपासून किंवा पिंपाच्या फळ्यांपासून केलेल्या आखूड स्की त्याच्या पायांना बांधल्या जात. घरामागील उतार ही त्याची शाळा आणि थोरली भावंडे हे त्याचे गुरू होत. मोठ्यांच्या मागोमाग जाणे, त्यांची नक्कल करणे, पैज लावून एखाद्या उंचवट्यावरून उडी मारणे, पडणे आणि हसत उठणे या क्रमाने ते शिके. नॉर्वेजियन माणूस पायांत स्की घालूनच जन्मतो, ही लोकोक्ती या परिस्थितीतून रूढ झाली.

नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील मॉर्गेडाल हे खोरे आधुनिक स्कीइंगचे जन्मस्थान समजले जाते. तेथील सोंद्रे नुर्हाइम (१८२५–९७) या कुळाने टाचेभोवती पिळलेल्या मुळ्यांची बांधणी वापरून स्कीवर पायाचा ताबा वाढविला. मधे अरुंद व दोन्ही टोकांकडे रुंद अशा स्कीच्या आकाराचे श्रेयही त्याला दिले जाते. १८६८ मध्ये क्रिस्तियाना (आताचे ऑस्लो) येथील स्पर्धेत वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याने आपले कौशल्य दाखवून राजधानीतील प्रेक्षकांना थक्क केले. या सुधारणांमागील प्रेरणा उपयुक्ततेपेक्षा खेळाची अधिक होती. उतारावरील झुडपे, कुंपणे व उंचवटे यांमधून वळणे घेत उतरणे हा त्या खोऱ्यातील तरुणांचा व मुलांचा आवडता उद्योग होता. अशा निरनिराळ्या वाटांना त्यांनी वेगवेगळी नावे दिली होती. त्यांपैकी ‘स्लालोम’ (स्ला म्हणजे उतरती भूमी व लोम म्हणजे स्कीची वाट) हे नाव पुढे एका ऑलिंपिक क्रीडाप्रकाराला मिळाले.

कवायतीची परंपरा : स्कीइंगच्या पद्धतशीर शिक्षणाचा आरंभ मात्र लष्करात झाला. नॉर्वेच्या सैन्यातील स्की-तुकड्यांसाठी १७३३ मध्ये येन्स हेन्रिक एमाहूसेन याने नियम तयार केले. १७६७ मध्ये सैनिकांसाठी बक्षिसांच्या स्पर्धा जाहीर झाल्या. उतारावरून जाताना नेम धरणे, झाडांमधून स्की न मोडता उतरणे, काठीचा आधार न घेता उतरणे आणि पूर्ण लष्करी सामानासह अंतर कापणे असे त्यांचे प्रकार होते. यांतील दुसरा व तिसरा प्रकार मुलांच्या खेळाहून फारसा भिन्न नव्हता. पण त्यांचे रूपांतर आता आज्ञा, गट आणि गुण यांत झाले.

फ्रित्यॉफ नान्सेन (१८६१–१९३०) याने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. त्याचा प्रवासवृत्तांत प्रसिद्ध झाल्यावर मध्य यूरोपात स्कीची लाट आली. आल्प्समधील उतार नॉर्वेतील टेकड्यांपेक्षा पुष्कळच तीव्र होते आणि तेथे शिकणारे बहुतेक प्रौढ, शहरी लोक होते. बालपणीचा घरामागील उतार त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता. त्यामुळे हालचालींचे पृथक्करण करून त्या क्रमाने शिकविणे आवश्यक ठरले. ऑस्ट्रियातील मातियास झ्दार्स्की (१८५६–१९४०) याने लीलिएनफेल्ड येथे तीव्र उतारांसाठी एकाच काठीचे तंत्र विकसित केले आणि ते शब्दबद्ध करून प्रसिद्ध केले. १९०५ मध्ये त्याने तेथील मुकेनकोगेल या डोंगरावर दारांमधून उतरण्याची शर्यत घेतली.

हानेस श्नायडर (१८९०–१९५५) याने पहिल्या महायुद्धात पर्वतीय सैन्याला स्कीइंग शिकविले. त्या अनुभवाच्या आधारे १९२१ च्या सुमारास त्याने आर्लबेर्क प्रदेशातील सांक्ट आंटोन येथे आपली स्कीशाळा उभी केली. कौशल्यानुसार वर्ग पाडणे, नांगर-स्थितीपासून (स्कींची पुढील टोके जवळ व मागील टोके दूर) समांतर वळणापर्यंत ठराविक पायऱ्यांनी नेणे आणि सर्व शिक्षकांनी एकच क्रम पाळणे, ही त्याच्या पद्धतीची वैशिष्ट्ये होत. जगभरच्या स्कीशाळांनी हा साचा स्वीकारला. ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेल्यावर १९३८ मध्ये श्नायडरला अटक झाली. १९३९ मध्ये तो अमेरिकेत न्यू हँपशर राज्यात गेला आणि त्याच्या पद्धतीचा तेथेही प्रसार झाला.

प्रौढांच्या दृष्टीने ही पद्धती अत्यंत यशस्वी ठरली. रांगेत उभे राहावयाचे, शिक्षकाचे प्रात्यक्षिक पाहावयाचे, एकेकाने उतरावयाचे आणि खाली उभे राहून दोष ऐकावयाचे, असा तिचा पाठ असे. मुलांसाठी मात्र तोच पाठ कष्टप्रद होता. रांगेत मूल गारठते, लांबलेल्या स्पष्टीकरणाकडे त्याचे लक्ष टिकत नाही आणि ‘वजन बाहेरच्या स्कीवर न्या’ ही सूचना त्याच्या शरीराला समजत नाही. खेळाची वृत्ती या काळात प्रौढांतही सर्वस्वी लोपली नव्हती. आर्नोल्ट फांक या जर्मन दिग्दर्शकाने १९२२ मध्ये एंगाडीन खोऱ्यात चित्रित केलेल्या चित्रपटाचा विषयच स्कीवरून खेळलेली ‘कोल्ह्याची शिकार’ हा होता. एकाने कोल्हा होऊन पुढे निसटावयाचे आणि इतरांनी त्याचा माग काढावयाचा, असा हा खेळ आहे.

खेळाचे पुनरागमन : हे परिवर्तन स्कीइंगच्या क्षेत्राबाहेर सुरू झाले. फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले व खेळ हे बालशिक्षणाचे साधन म्हणून प्रतिष्ठित केले. कार्ल गाउल्होफर (१८८५–१९४१) व मार्गारेटे श्ट्रायकर (१८९१–१९८५) यांनी दोन महायुद्धांच्या दरम्यान ऑस्ट्रियातील शारीरिक शिक्षणात सुधारणा केली. आज्ञेबरहुकूम करावयाच्या कृत्रिम हालचालींऐवजी धावणे, चढणे, उड्या मारणे यांसारख्या नैसर्गिक हालचालींवर त्यांनी भर दिला. स्कीइंग हा शालेय हिवाळी उपक्रम होऊ लागला, तसे हे विचार बर्फावरही पोहोचले.

दुसरे कारण यांत्रिक होते. १९३४ च्या हिवाळ्यात दाव्होस (स्वित्झर्लंड) येथे एर्न्स्ट कोन्स्टाम याची ओढयंत्रणा आणि अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात वुडस्टॉक येथे ओढदोर सुरू झाला. १९३६ मध्ये सन व्हॅली (अमेरिका) येथे पहिली खुर्ची-वाहिनी चालू झाली. चढण्याचे श्रम वाचल्याने सबंध कुटुंबे डोंगरावर येऊ लागली आणि आईवडील उतारावर असताना मुलांचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला.

तिसरे कारण सामाजिक धोरणाचे होय. स्वित्झर्लंडमधील स्की संघटनेने १९४१ मध्ये तरुण मुलांसाठी मोफत स्की-शिबिराची प्रथा सुरू केली. त्यासाठी मुलांची निवड चिठ्ठ्या टाकून होते. फ्रान्समध्ये पॅरिसनजीकच्या व्हांव्ह येथील डॉ. माक्स फूरेस्तिये यांनी १९५३ मध्ये एक सबंध वर्गच शिक्षकासह साव्हवा भागातील ला फेक्लाझ येथे नेला. तेथे दिवसाचा एक भाग अभ्यासाला व एक भाग स्कीइंगला देण्यात आला. ‘हिमवर्ग’ या नावाने रूढ झालेल्या या उपक्रमाने, ज्यांनी डोंगर कधी पाहिला नव्हता अशी शहरी मुले बर्फावर आणली. नॉर्वेतील मुलाला जे घरामागे मिळे, ते या मुलांना थोड्या दिवसांत द्यावयाचे होते. ते कवायतीने साधणे शक्य नव्हते.

हिमोद्यान : या गरजेतून आल्प्समधील स्कीशाळांनी लहान मुलांसाठी कुंपण घातलेली स्वतंत्र जागा राखण्यास सुरुवात केली. तिला हिमोद्यान म्हणता येईल. येथील उतार अगदी सौम्य असून त्याचा शेवट सपाट जागेत किंवा किंचित चढावर होतो. त्यामुळे थांबता न येणारे मूलही आपोआप थांबते आणि भीती उरत नाही. वर जाण्यासाठी सरकता पट्टा असतो. रंगीत कमानी, प्राण्यांच्या आकृती, बर्फाच्या लाटा व लहान बोगदे यांनी ही जागा सजविलेली असते. परंतु ही सजावट निव्वळ शोभेची नसते. कमानीची उंची मुलाला वाकावयास लावते, लाटेमुळे गुडघे लवचिक राहतात आणि आकृतींमधील अंतर वळणाची लय ठरविते. शिक्षकाने तोंडाने द्यावयाच्या सूचना येथे भूमीच देते.

फ्रेंच स्कीशाळेत सर्वांत लहान मुलांच्या वर्गाला ‘प्यू-प्यू’ (चिवचिव) असे नाव आहे. पुढे अस्वलाचे पिल्लू, हिमकण आणि मग तारे अशा पायऱ्या असून प्रत्येक पायरीस पदक दिले जाते. स्विस स्कीशाळांनी ‘स्नोली’ नावाचा पांढरा ससा हे आपले बोधचिन्ह केले आहे. नॉर्वेत हिमोद्यानापेक्षा ‘स्की-खेळ’ (शीलाइक) ही कल्पना अधिक रुजली आहे. वस्तीजवळच उंचवटे, खड्डे, लहान उड्या व नागमोडी वाटा तयार करून ठेवावयाच्या आणि मुलांना त्यांवर मोकळे सोडावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. जुना घरामागील उतारच येथे हेतुपूर्वक निर्माण केलेला दिसतो.

खेळांचे प्रकार : या खेळांचे वर्गीकरण त्यांतून साधणाऱ्या कौशल्यानुसार करता येते.

(१) ओळखीचे खेळ : स्की हा पायाचाच भाग वाटू लागणे, हे पहिले उद्दिष्ट होय. सपाट जागेवर एकच स्की घालून दुसऱ्या पायाने ढकलत जाणे, हत्तीसारखी जड किंवा उंदरासारखी हलकी पावले टाकणे, मागील टोके जागीच ठेवून पावलापावलाने गोल फिरणे व बर्फात उमटलेली चांदणी पाहणे, हे त्यांपैकी काही होत. मुद्दाम पडून उठण्याची चढाओढही याच वर्गात मोडते. पडणे हा खेळाचाच भाग झाला, की त्याची लाज व भीती दोन्ही जातात.

(२) घसरण्याचे व तोलाचे खेळ : लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व पायांचे स्नायू दुबळे असल्याने ते बुटाच्या मागील बाजूवर रेलून उभे राहते. त्यामुळे स्कीच्या पुढील भागावर भार येत नाही व वळणे अवघड होते. ‘पुढे झुक’ असे सांगितल्यास ते कमरेत वाकते. त्याऐवजी बुटाच्या जिभेमागे एक द्राक्ष आहे, ते नडगीने चिरड, असे सांगितले तर घोटा योग्य तऱ्हेने वाकतो. घसरताना हातमोजे उचलणे, बोगद्याखालून जाणे, बगळ्यासारखे एका पायावर राहणे, जोडीदाराकडे चेंडू टाकणे या खेळांत लक्ष वस्तूकडे जाते आणि तोल आपोआप सावरला जातो.

(३) थांबण्याचे खेळ : हिरवा दिवा म्हणताच घसरावयाचे व लाल दिवा म्हणताच थांबावयाचे, हा खेळ सर्वत्र प्रचलित आहे. थांबण्यासाठी लागणाऱ्या नांगर-स्थितीला मुलांच्या भाषेत ‘पिझ्झाची फोड’ आणि समांतर स्थितीला ‘बटाट्याच्या तळलेल्या सळ्या’ म्हणण्याची पद्धत अमेरिकेत व जर्मनभाषी देशांत रूढ आहे. एका शब्दात आकृती डोळ्यांपुढे उभी राहते, हे या उपमांचे बळ होय. बर्फावर आखलेल्या चौकटीत मोटार उभी करण्याच्या खेळात वेगाचा अंदाजही येऊ लागतो.

(४) वळण्याचे खेळ : हात पसरून विमान होणे व पंख वळणाच्या बाहेरील बाजूस कलविणे, हा यांतील अत्यंत उपयुक्त खेळ आहे. पंख बाहेरच्या बाजूस झुकला, की भारही बाहेरच्या स्कीवर जातो. प्रौढांना दीर्घ स्पष्टीकरणाने समजणारी गोष्ट मुलाला अशी एका कृतीत साध्य होते. शिक्षकामागे आगगाडी करून जाणे, सापाचा माग काढणे, रंगीत शंकूंभोवती फिरणे यांतून वळणांची लय येते.

(५) गटाचे खेळ : शिवाशिवी, कमरेला खोचलेली रिबीन ‘शेपटी’ म्हणून पळविणे, कोल्ह्याची शिकार व सांघिक शर्यती यांत शिकलेली कौशल्ये विचार न करता वापरली जातात. दिशा अकस्मात बदलणे, इतरांवर नजर ठेवणे व धक्का टाळणे या गोष्टी गजबजलेल्या उतारावर पुढे जन्मभर उपयोगी पडतात.

मर्यादा व दक्षता : प्रत्येक खेळ शिकविण्यास योग्य असतोच असे नाही. ज्यात पकडला गेलेला ‘बाद’ होऊन बाजूला बसतो, अशा खेळात सर्वांत कच्चे मूल सर्वांत आधी बाहेर पडते. त्यालाच सरावाची अधिक गरज असते. पण तेच गारठत उभे राहते. म्हणून बाद झालेल्याने एक गिरकी घेऊन पुन्हा खेळात यावे, किंवा पकडणाऱ्यांची संख्या वाढत जावी, अशी रचना केली जाते. पकडापकडीचे खेळ केवळ सपाट किंवा कुंपण घातलेल्या जागेतच घ्यावयाचे असतात. आरंभीच्या वर्गांत काठ्या दिल्या जात नाहीत. त्यांनी इजा होण्याचा संभव असतो आणि मूल तोलाऐवजी काठीवर विसंबते. मुलाला मागून दोरीने धरून उतरविण्याच्या पद्धतीसही हाच आक्षेप घेतला जातो. दोरीवर रेलण्याची सवय लागली, की मागे झुकण्याचा दोष पक्का होतो. डोक्यावर शिरस्त्राण आवश्यक मानले जाते. स्कींची लांबी मुलाच्या उंचीहून कमी ठेवली जाते. आखूड स्कीवर शिकणे सोपे जाते, हे तत्त्व अमेरिकेत क्लिफ टेलर याने प्रौढांच्या बाबतीतही प्रचारात आणले होते.

खेळ आणि स्पर्धा : दारांमधून उतरण्याचा खेळ व स्लालोमची शर्यत यांतील सीमारेषा पुसट आहे. आर्नल्ड लन याने १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथे जोड-निशाणांची आधुनिक स्लालोम मांडली. त्यानंतर घड्याळ व क्रमवारी यांचा प्रवेश मुलांच्या उतारावरही झाला. कोवळ्या वयातील निवड व एकांगी सराव यांमुळे पुष्कळ मुले हा खेळ सोडून देतात, ही चिंता नॉर्वेत विशेषत्वाने व्यक्त झाली. तेथील राष्ट्रीय क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये बालक्रीडेविषयी नियम संमत केले आणि २००७ मध्ये त्यांना बालकांच्या क्रीडाहक्कांची जोड दिली. त्यांनुसार स्थानिक स्पर्धांत सहाव्या व प्रादेशिक स्पर्धांत नवव्या वर्षापासून भाग घेता येतो. निकालांच्या याद्या व क्रमवारी अकराव्या वर्षापासून ठेवता येतात; राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा तेराव्या वर्षापूर्वी खेळता येत नाही. हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक पदके मिळविणाऱ्या देशाने मुलांना स्पर्धेपासून असे जपावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. खेळ हा कौशल्याचा शत्रू नसून त्याचा पाया आहे, अशी या नियमांमागील धारणा आहे.

भारतातील स्थिती : भारतात स्कीइंगची सुरुवात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी काश्मीरमधील गुलमर्ग येथे केली व तेथे १९२७ मध्ये स्की क्लब स्थापन झाला. १९६८ मध्ये गुलमर्ग येथे शासकीय प्रशिक्षण संस्थेचा पाया घातला गेला. उत्तराखंडातील औली व हिमाचल प्रदेशातील सोलांग ही इतर प्रमुख केंद्रे होत. २०२० पासून ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांतील बर्फावरील क्रीडाप्रकार गुलमर्ग येथे भरविले जात आहेत. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधील भारताचा एकमेव खेळाडू आरिफ खान हा याच परिसरातील असून लहानपणी वडिलांनीच त्याला स्कीवर उभे केले. घरच्या उतारावर, घरच्याच माणसाकडून शिकण्याची मॉर्गेडालमधील जुनी रीत येथे पुन्हा आढळते.

सद्यःस्थिती : आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने मुलांना बर्फाकडे आणण्यासाठी मोहीम हाती घेतली असून तिचा भाग म्हणून २०१२ पासून जानेवारीत जागतिक हिमदिन साजरा होतो. अशा मोहिमेची गरज भासावी, यातच परिस्थितीतील पालट दिसून येतो. तापमानवाढीमुळे कमी उंचीवरील हिमाच्छादन घटत आहे. वस्तीजवळील लहान उतार हे बहुधा अशाच उंचीवर असल्याने त्यांना त्याची झळ प्रथम लागते. कृत्रिम बर्फ, बंदिस्त हिमगृहे व प्लॅस्टिकचे उतार हे पर्याय खर्चिक आहेत. त्यामुळे बर्फाशी संबंध येणे हे कुटुंबाच्या ऐपतीवर अधिकाधिक अवलंबून राहू लागले आहे. खेळाची पद्धती शिक्षकाला शिकविता येते. परंतु शाळा सुटल्यावर कोणी न शिकविता, न मोजता, मन मानेल तितका वेळ खेळता येईल असा जवळचा उतार कोणत्याही स्कीशाळेला निर्माण करून देता येत नाही. हिमवर्गासारखे सार्वजनिक उपक्रम आणि वस्तीजवळ राखलेल्या स्की-खेळाच्या जागा यांचे महत्त्व त्यामुळे पूर्वीपेक्षा वाढले आहे.